शांततेचे कागद आणि शाळेचे पुस्तक

२०१९ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. पोप फ्रान्सिस जपानमधील हिरोशिमा शहरी गेले होते, आणि अण्वस्त्रे वापरणेच नव्हे तर ती बाळगणे हेसुद्धा अनैतिक होय, असे त्यांनी तेथे जाहीरपणे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतील शिक्षकांच्या खोलीत ती बातमी असलेले वर्तमानपत्र पडले होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या शिक्षिकेने ते वाचले, त्याची नीट घडी घातली आणि शांतपणे विचारले, "शांततेचा उपदेश करण्याचा अधिकार यांना कोणी दिला?" त्या बाईंचे आईवडील पोलंडमधून या देशात आले. आजीआजोबा आलेच नाहीत.

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. माझे बालपण मुंबईत माझगावला गेले. नाताळच्या सकाळी शेजारच्या ख्रिस्ती घरातून कुलकुलांचे ताट आमच्याकडे येई, आणि नव्या वर्षाच्या सणाला आमच्या घरचा चिकाचा हलवा त्यांच्याकडे जाई. क्रूसाची भीती वाटावी असा प्रसंग आमच्यावर कधी आला नाही. कोंकणात आपल्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत. त्या नावात आपल्या शब्बाथाची ओळख होती, द्वेष नव्हता. युरोपातील यहुद्यांच्या वाट्याला मात्र शेकडो वर्षे वेगळेच दान आले. तेव्हा आपल्या सुखाच्या आठवणीवरून त्या बाईंना उत्तर देणे योग्य झाले नसते. इतिहासाच्या शिक्षकाने अशा वेळी जे करावे तेच मी केले. रोमन कॅथलिक चर्चने शांतता आणि सामाजिक न्याय यांविषयी अधिकृतपणे जे लिहिले आहे, ते तारखांच्या क्रमाने वाचावयास घेतले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

या कागदांचा आरंभ साधारणपणे १८९१ सालापासून धरतात. त्या वर्षी १५ मे रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या नावाचे परिपत्रक काढले. पोपने साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या अशा पत्राला 'एन्सिक्लिकल' म्हणतात. आपण त्यास परिपत्रकच म्हणू. त्याचा विषय होता कारखान्यातील मजूर. युरोपात यंत्रयुग आले होते, स्त्रिया आणि मुले गिरण्यांत राबत होती, आणि मजुराची मजुरी म्हणजे मालक देईल ती, असा न्याय चालला होता. लिओ यांनी समाजवादाचा मार्ग नाकारला, खासगी मालमत्तेचा हक्क उचलून धरला. पण त्याचबरोबर काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह होईल इतके वेतन हा न्यायाचा प्रश्न आहे, दयेचा नाही, असे स्पष्ट सांगितले. मजुरांना संघटना बांधण्याचा हक्क आहे, आणि दुबळ्यांचे रक्षण हे राज्यकर्त्यांचे विशेष कर्तव्य आहे, असेही त्यात आहे.

आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, मजुराला आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी असे सांगताना लिओ यांनी आधार घेतला तो शब्बाथाच्या आज्ञेचा आणि सृष्टीच्या सातव्या दिवसाचा, म्हणजे आपल्या तोराचा. याच सुमारास, १८९० साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. रोम आणि मुंबई यांचा एकमेकांशी काही पत्रव्यवहार नव्हता. पण थकलेल्या माणसाला एक दिवस हवा, हा विचार दोन्हीकडे एकाच काळी जोर धरीत होता; आणि आपल्या तेल गाळणाऱ्या पूर्वजांचा घाणा तर त्यापूर्वी कित्येक पिढ्या दर शनिवारी उभा राहत आला होता.

'रेरुम नोवारुम'चे बळ कशात होते? ज्याच्यावर अन्याय होत होता त्याचे त्यात नाव घेतले होते. 'जगात सर्वांनी प्रेमाने वागावे' इतके लिहून लिओ थांबले नाहीत. मजूर, त्याचे वेतन, त्याचे कामाचे तास, त्याची बायकामुले, असे त्यांनी बोट ठेवून दाखविले. हीच कसोटी घेऊन पुढचा कागद पाहिला म्हणजे मन खिन्न होते.

१९४२ सालच्या नाताळच्या पूर्वसंध्येला पोप बारावे पायस यांनी नभोवाणीवरून भाषण केले. महायुद्ध ऐन भरात होते आणि पोलंडमधील मृत्यूच्या छावण्या दिवसरात्र चालू होत्या. केवळ राष्ट्रीयत्वामुळे किंवा वंशामुळे, स्वतःचा काही अपराध नसताना, मरणाच्या दारी लोटल्या गेलेल्या लक्षावधी माणसांचा त्यांनी त्या लांबलचक भाषणात उल्लेख केला. पण 'यहुदी' हा शब्द उच्चारला नाही, आणि मारणाऱ्यांचेही नाव घेतले नाही. उघड बोलल्याने अधिक माणसे मारली गेली असती असे त्यांचे समर्थक म्हणतात. अनेक मठांनी आणि पाद्र्यांनी यहुद्यांना लपविले हेही खरे आहे. त्या काळातील व्हॅटिकनची दप्तरे २०२० च्या मार्च महिन्यात अभ्यासकांना खुली झाली, आणि वाद अद्याप संपलेला नाही. मात्र माझ्या सहकारी बाईंच्या प्रश्नाचे मूळ त्या न उच्चारलेल्या शब्दात आहे, यात मला शंका वाटत नाही.

आता एका फ्रेंच शिक्षकाची कथा सांगितली पाहिजे. ती आमच्या पेशातील माणसाची म्हणून मला विशेष जवळची वाटते. जूल्स इझाक यांचा जन्म १८७७ सालचा. फ्रान्समधील मुलांच्या अनेक पिढ्या ज्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांवर शिकल्या, ती 'मॅले आणि इझाक' या जोडनावाने ओळखली जात. त्यांतले इझाक ते हेच. १९३६ साली ते शिक्षण खात्यात महानिरीक्षक झाले. १९४० साली जर्मनांपुढे नमलेल्या व्हिशी सरकारने यहुद्यांविरुद्ध कायदा केला, आणि इझाक यांना नोकरीतून दूर केले. १९४३ सालच्या ऑक्टोबरात गेस्टापोचे लोक घरी आले. इझाक त्या वेळी बाहेर गेले होते म्हणून वाचले. पत्नी, मुलगी आणि जावई यांना पकडून नेले. पत्नी आणि मुलगी ऑशविट्झहून परत आल्या नाहीत. हाती घेतलेले काम पुरे करा, एवढा निरोप पत्नीने छावणीतून धाडला होता.

ते काम कोणते? हा वृद्ध शिक्षक लपतछपत, एका घरातून दुसऱ्या घरात जात, बायबलचे शुभवर्तमान वाचीत होता आणि चर्चमधून मुलांना जे शिकविले जाते त्याच्याशी ते ताडून पाहत होता. यहुदी लोक देशोधडीला लागले ती देवाची शिक्षा होती. येशूच्या काळी यहुदी धर्म निष्प्राण झाला होता. आणि येशूला मारण्याचा दोष साऱ्या यहुदी जातीवर आहे, अशा तीन शिकवणी त्यांनी वेगळ्या काढल्या आणि त्या मूळ ग्रंथात नाहीत, असे पुराव्यानिशी मांडले. या साऱ्यास त्यांनी 'तिरस्काराची शिकवण' असे नाव दिले. 'येशू आणि इस्राएल' हा त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. तो त्यांनी पत्नीला आणि मुलीला अर्पण केला. इझाक हे आडनाव एवढाच त्यांचा गुन्हा होता, अशा अर्थाचे शब्द अर्पणपत्रिकेत आहेत.

इझाक १९४९ साली बाराव्या पायस यांना भेटले, पण त्यातून फारसे निष्पन्न झाले नाही. त्यानंतर १९५८ च्या २८ ऑक्टोबर रोजी आंजेलो ज्युसेप्पे रोंकाल्ली हे तेविसावे जॉन या नावाने पोप झाले. उत्तर इटलीतील एका खेड्यातल्या, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा. महायुद्धाच्या काळात ते तुर्कस्तानात व्हॅटिकनचे प्रतिनिधी होते. नात्झींच्या तावडीतून निसटू पाहणाऱ्या यहुद्यांसाठी यहुदी एजन्सीचे हाइम बारलास त्यांच्याकडे येत, आणि ते शक्य ती मदत करीत. १९४४ साली मुख्य रब्बी इझाक हर्झोग हेसुद्धा याच कामासाठी त्यांना भेटले होते. १९५९ साली, पोप झाल्यानंतरच्या पहिल्याच गुड फ्रायडेला, प्रार्थनेतील यहुद्यांना हिणवणारे विशेषण जॉन यांनी गाळले. १९६० साली अमेरिकेतील यहुद्यांचे शिष्टमंडळ आले, तेव्हा आपले मूळ नाव ज्युसेप्पे, म्हणजे योसेफ, याची आठवण देऊन मिसर देशात योसेफाने भावांना ओळख दिली तो प्रसंग त्यांनी सांगितला.

त्याच वर्षी १३ जून रोजी ब्याऐंशी वर्षांचे इझाक त्यांच्यापुढे बसले. त्यांनी एक टिपण दिले, आणि तिरस्काराच्या शिकवणीची चौकशी करण्यासाठी एखादी समिती नेमावी, अशी विनंती केली. निघताना त्यांनी विचारले की, मी थोडी आशा बरोबर नेऊ का? आशेपेक्षा अधिकावर तुमचा हक्क आहे, असे उत्तर पोपनी दिल्याचे प्रसिद्ध आहे. काही महिन्यांतच जर्मन विद्वान कार्डिनल आउगुस्टिन बेआ यांच्यावर ते काम सोपविण्यात आले.

पुढे १९६२ सालच्या ऑक्टोबरात क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या काठावर आले. जॉन यांनी नभोवाणीवरून दोन्ही बाजूंना विनवणी केली. संकट टळले, पण पोटाच्या कर्करोगाने ते स्वतः मृत्युपंथाला लागले होते. अशा स्थितीत ११ एप्रिल १९६३ रोजी त्यांनी 'पाचेम इन तेर्रिस' म्हणजे 'पृथ्वीवर शांतता' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. ते केवळ कॅथलिकांना नव्हे, तर सद्भावना बाळगणाऱ्या सर्व मानवांना उद्देशून होते, आणि अशा तऱ्हेचे ते पहिलेच. सत्य, न्याय, प्रेम आणि स्वातंत्र्य हे शांततेचे चार खांब असे त्यात सांगितले आहे. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आणि विश्रांती हे माणसाचे हक्क आहेत. मजूर, स्त्रिया आणि वसाहतींतील जनता आता मान वर करून उभी राहत आहे. शस्त्रांची स्पर्धा थांबवून अण्वस्त्रे बंद केली पाहिजेत. अणुयुगात युद्ध हे न्याय मिळविण्याचे साधन असू शकत नाही, हे त्यातील प्रमुख मुद्दे. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे त्यात स्वागत आहे. त्या जाहीरनाम्याच्या शिल्पकारांत रने कासँ हे फ्रेंच यहुदी कायदेपंडित होते. सबळ कारण असता माणसाला दुसऱ्या देशात जाऊन स्थायिक होण्याचा हक्क आहे, असेही त्यात म्हटले आहे. सामान बांधून समुद्र ओलांडलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना या वाक्याची किंमत निराळी समजावून सांगावयास नको.

जॉन ३ जून १९६३ रोजी वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात इझाकही गेले. उरलेले काम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेकडे आले. सुमारे अडीच हजार बिशपांची ही परिषद १९६२ ते १९६५ या काळात चार सत्रांत भरली. यहुद्यांविषयीच्या मसुद्याला अरब सरकारांचा आणि पूर्वेकडील चर्चच्या काही प्रमुखांचा कडवा विरोध होता. जुन्या मताच्या बिशपांचा विरोध वेगळाच. एका मसुद्यात यहुद्यांनी अखेर ख्रिस्ती व्हावे अशी आशा डोकावली, तेव्हा रब्बी अब्राहम योशुआ हेशल यांनी १९६४ च्या सप्टेंबरात नवे पोप सहावे पॉल यांची समक्ष भेट घेऊन तीव्र हरकत नोंदविली. तो मजकूर पुढे बदलला गेला.

सहाव्या पॉल यांच्या त्या वर्षीच्या दोन प्रवासांचे आपणांस विशेष अगत्य आहे. १९६४ च्या जानेवारीत ते या देशात आले. राष्ट्राध्यक्ष झल्मान शझार यांनी मगिद्दो येथे त्यांचे स्वागत केले. पोप प्रेमाने बोलले, शांततेविषयी बोलले. परंतु संपूर्ण दिवसात त्यांनी 'इस्राएल' हे या राष्ट्राचे नाव उच्चारले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते मुंबईस गेले. भारतभूमीवर उतरलेले ते पहिले पोप. तेथे त्यांनी अन्य धर्मीयांपुढे बोलताना उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला, आणि राष्ट्रांनी शस्त्रखर्चाचा काही भाग गरिबांसाठी जागतिक निधीत द्यावा, असे आवाहन केले. एकाच वर्षात, एकाच माणसाने, मुंबईत भुकेलेल्याचे नाव घेतले आणि मगिद्दोत यजमानाचे नाव टाळले. अधिकृत भूमिका अशीच पुढे सरकते: एक पाऊल पडते, दुसरे अडखळते.

आणि वाचकहो, त्याच १९६४ साली आपला समाज काय सोशीत होता? अधिकृत कागदावरील एका वाक्याचे वजन किती असते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? १९६२ साली निघालेल्या एका परिपत्रकात 'बेने इस्राएल' हे नाव घालून आपल्या विवाहांपूर्वी पिढ्यांची चौकशी करण्यास सांगितले होते. आपली वडीलधारी माणसे त्याविरुद्ध रस्त्यावर बसली. १९६४ च्या ऑगस्टात क्नेसेटने, बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी होत, अशी ग्वाही दिली. त्यानंतर त्या परिपत्रकातून आपले नाव निघाले. नाव घेऊन न्याय करता येतो, तसा नाव घेऊन अपमानही करता येतो. म्हणूनच, दूर रोममध्ये त्याच महिन्यांत एकेका शब्दावरून चाललेली झटापट आपण उपहासाने पाहू नये.

ती झटापट अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी संपली. २,२२१ मते अनुकूल आणि ८८ प्रतिकूल, अशा बहुमताने 'नोस्त्रा एताते' हे निवेदन संमत झाले. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर, लादता येणार नाही. यहुदी हे देवाने टाकलेले किंवा शापित आहेत असे चित्र कोणी रंगवू नये. यहुदीद्वेष कोणत्याही काळी आणि कोणीही केलेला असो, चर्च त्याबद्दल खेद मानते, असे त्यात आहे. 'निषेध करते' हा शब्द मसुद्यात होता, तो शेवटी गळला. नात्झी संहाराचा उल्लेख नाही, क्षमायाचना नाही, इस्राएल राष्ट्राचे नाव नाही. तरीही 'यहुदी' हा शब्द त्यात आहे. १९४२ साली जो घशात अडकला, तो तेवीस वर्षांनी उमटला. याच महिन्याच्या ४ तारखेला सहाव्या पॉल यांनी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांपुढे युद्ध पुन्हा नको अशी आर्त हाक दिली होती. मला वाटते, त्या हाकेला वजन आले ते चोवीस दिवसांनी, जेव्हा स्वतःच्या घरातील शिकवण तपासण्याचे धैर्य चर्चने दाखविले.

कागद संमत झाला म्हणजे धडा बदलला असे नव्हे, हे कोणीही शिक्षक सांगेल. म्हणून मला पुढच्या दोन कागदांचे महत्त्व अधिक वाटते. १९७४ साली निवेदन अमलात आणण्यासाठी सूचना निघाल्या, आणि १९८५ साली प्रवचनांत व धर्मशिक्षणाच्या वर्गांत यहुद्यांविषयी काय व कसे शिकवावे यासंबंधी टिपणे निघाली. इझाक यांनी मागितले होते ते नेमके हेच: राजवाड्यातील भाषण नव्हे, तर वर्गातील पुस्तक बदला. १३ एप्रिल १९८६ रोजी दुसरे जॉन पॉल यांनी रोमच्या सिनेगॉगमध्ये जाऊन रब्बी एलिओ तोआफ यांना आलिंगन दिले आणि यहुद्यांना थोरले भाऊ म्हटले. ३० डिसेंबर १९९३ रोजी येरुशलेम येथे इस्राएल आणि व्हॅटिकन यांच्यात मूलभूत करार झाला. मगिद्दोत टाळलेले नाव आता सहीच्या वर लिहिले गेले. २००० च्या मार्चमध्ये तेच पोप याद वाशेम येथे आले, आणि पश्चिम भिंतीच्या दगडांत त्यांनी क्षमेची चिठ्ठी ठेवली.

कागद अजून निघतच आहेत. २०१८ साली देहान्त शिक्षा सर्वथा अग्राह्य ठरविण्यात आली. २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात, धर्म्य युद्धाची जुनी उपपत्ती आजच्या शस्त्रांच्या काळात लावणे फार कठीण झाले आहे, असे म्हटले आहे. २०२३ च्या ७ ऑक्टोबरनंतर व्हॅटिकनच्या काही उद्गारांनी आपल्या देशात अनेकांची मने दुखावली, हे लपविण्यात अर्थ नाही. पण २ फेब्रुवारी २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी इस्राएलमधील यहुदी बंधुभगिनींना पत्र लिहून यहुदीद्वेष हे देवाविरुद्ध पाप असल्याचे सांगितले, ही गोष्टही त्याच वहीत लिहिली पाहिजे. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव धारण केले, ते 'रेरुम नोवारुम'च्या लिओंची आठवण ठेवून. १८९१ चा मजूर आणि यंत्र यांचा प्रश्न नव्या यंत्रांच्या रूपाने पुन्हा दारात आला आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळतो. शांततेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणी देत नसतो. तो मिळवावा लागतो. शांततेच्या कोणत्याही कागदाला, मग तो चर्चचा असो, सरकारचा असो वा आपल्या स्वतःच्या धर्मपीठाचा असो, मी आता दोन प्रश्न विचारतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव त्यात आहे काय? आणि तो मुलांच्या पुस्तकापर्यंत पोहोचला काय? या कसोटीवर चर्चचे काही कागद उतरतात, काही उतरत नाहीत, आणि काहींना उतरण्यास फार उशीर झाला. त्या उशिराची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला नाही, आणि मी तो घेतही नाही.

हे सारे मी त्या बाईंना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "तो शिक्षक, इझाक, पुढच्या वर्षी तुम्ही मुलांना शिकवाल का?" मी होकार दिला. तेव्हापासून दर वर्षी शिकवितो. एका पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या माणसाने, बायको-मुलगी गमावल्यावर, सूडाची तलवार न उचलता लाल शाईची लेखणी उचलली आणि एका मोठ्या धर्मपीठाच्या धड्यातील चुकीखाली रेघ ओढली. आपली मुले इथली हिब्रू शिकली, मराठी विसरू लागली, याची खंत आपण नेहमी करतो. पण ज्या भाषेत ती शिकतील त्या भाषेत त्यांना हा एक माणूस भेटावा, आणि आपल्या पुस्तकात शेजाऱ्याविषयी काय लिहिले आहे हे तपासण्याची सवय त्यांना लागावी, एवढीच इच्छा.

शालोम.